वहीची गुंडाळी

गेल्या महिन्यात ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. त्यावर विचार करता करता दोन वीकेंड खर्ची पडले आणि गाडी शेवटी थेट १६१० सालच्या पडुआमध्ये जाऊन थांबली. आजचा लेख त्याबद्दल. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी फजिती. आमचा एक क्लायंट घरगुती पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. गिऱ्हाईक पहिलं वर्ष संपल्यावर एएमसी पुन्हा का घेत नाही, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. दोन महिने मी ज्युपिटर नोटबुकमध्ये डेटा चिवडत बसलो होतो. निष्कर्ष बरा निघाला. तक्रार केल्यावर दुरुस्तीवाला यायला आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागला, की एएमसी पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी घसरतं. आता ते नोटबुक जसंच्या तसं क्लायंटला दाखवणं म्हणजे पाहुण्यांना बैठकीऐवजी स्वयंपाकघरात नेऊन खरकटी भांडी दाखवण्यासारखं. म्हणून मी त्याचं एक झकास पान बनवलं. परदेशी पेपरवाले करतात ना, तसं. आलेख एका जागी चिकटून उभा, शेजारून मजकूर वर सरकतोय, आणि नवा परिच्छेद आला की आलेखातले ठिपके पळत जाऊन नवीन जागा पकडतात. टीममधले सगळे म्हणाले, भारी!

मीटिंगमध्ये क्लायंटकडच्या एक मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत स्क्रोल केलं आणि विचारलं, "छान आहे. पण जून-जुलै सोडून हाच आकडा काय येतो हो? पावसाळ्यात आमची माणसं तशीही उशिराच पोचतात."

प्रश्न अगदी रास्त होता. पानावर त्याचं उत्तर नव्हतं. पानावर काही विचारायची सोयच नव्हती, फक्त खाली जायची होती. मी मोठ्या ऐटीत मूळ नोटबुक उघडलं, रीस्टार्ट केलं आणि सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवले. जून-जुलै राहिले बाजूला, मूळचाच आकडा १८ च्या जागी ११ आला.

"अहो, मग यातला खरा कुठला?"

मराठीत 'गुंडाळणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, हे मला त्या शांततेत नव्याने कळलं.

असो. काय झालं होतं ते पुढे सांगतोच. पण घरी आल्यावर डोक्यात बसलेला प्रश्न वेगळा होता. ही नोटबुक नावाची भानगड मुळात कोणी काढली, कशासाठी काढली, आणि तिची अशी सरकती गोष्ट करायची हौस कुठून आली? दोन्हींचे इतिहास वेगवेगळे आहेत आणि बरीच वर्षं ते एकमेकांना ओळखतही नव्हते.

ज्यांनी नोटबुक वापरलेलं नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. नोटबुक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी एक वही. तिच्यात एकाखाली एक चौकटी, म्हणजे सेल. काहींत साधा मजकूर, काहींत कोड. कोडचा सेल चालवला की उत्तर किंवा आलेख त्याच्याच खाली उमटतो. डेटाशी संबंध असलेले बहुतेक लोक आज हीच वही वापरतात. यातल्या सगळ्यात लोकप्रिय वहीचं नाव ज्युपिटर. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन भाषांच्या नावांची ती खिचडी आहे, पण गुरू ग्रहाचा उल्लेख मुद्दाम आहे. तो रामराम आहे गॅलिलिओला.

म्हणून मी गॅलिलिओपासूनच सुरुवात केली, आणि बरं झालं.

७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने पडुआमध्ये आपल्या नव्या दुर्बिणीतून गुरू पाहिला. गुरूजवळ त्याला तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याला वाटलं, असतील नेहमीचे तारे. ८ तारखेला पाहतो तर तिन्ही पश्चिमेला! ९ तारखेला आभाळ ढगाळ. १० तारखेला दोनच दिसले, दोन्ही पूर्वेला. १३ तारखेला चार. मार्चमध्ये व्हेनिसला त्याचं 'सिडेरियस नुन्सियस' हे छोटं पुस्तक छापून आलं. त्यात या निरीक्षणांची चित्रं शेवटी कुठे परिशिष्टात ढकललेली नाहीत. ती मजकुराच्या ओळींच्या मधे बसवलेली आहेत. गुरूसाठी एक गोल, ताऱ्यांसाठी चांदण्या, एका टोकाला पूर्व, दुसऱ्या टोकाला पश्चिम. एक तारीख, दोन ओळी मजकूर, एक चित्र. पुन्हा तारीख, मजकूर, चित्र. २ मार्चपर्यंत हेच चालू.

ती पानं स्कॅन करून जालावर आहेत. मी ती फोनवर अंगठ्याने सरकवत पाहिली आणि अक्षरशः हसू आलं. गोल जागच्या जागी राहतो आणि चांदण्या त्याच्या दोन्ही बाजूंना नाचतात. माझ्या त्या झकास पानात आणि यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. हे तारे गुरूभोवती फिरत आहेत, हे वाचणाऱ्याला पटायच्या आधी दिसतं.

आणि ती ९ तारीख पाहा. त्या रात्री काहीही दिसलं नाही, आणि गॅलिलिओने ते लिहून ठेवलं आहे. मी असतो तर ती रात्र गाळली असती. गोष्टीच्या ओघाला उगाच खीळ बसते ना.

आता एकदम पावणेचारशे वर्षं पुढे. १९८४ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' नावाचा लेख 'द कॉम्प्युटर जर्नल'मध्ये लिहिला. गणिताची पुस्तकं छापायला वापरतात ती टेक नावाची प्रणाली यांचीच. म्हणणं साधं होतं. प्रोग्रॅम यंत्राला हुकूम देण्यासाठी लिहितोय असं समजू नका, आपण यंत्राकडून काय करून घेतोय हे दुसऱ्या माणसाला समजावून सांगतोय असं समजा. त्यासाठी त्यांनी वेब नावाची पद्धत बनवली होती. (वर्ल्ड वाइड वेब यायला तेव्हा बराच अवकाश होता. संगणकवाल्यांनी अजून न पळवलेले तीन अक्षरी इंग्रजी शब्द फार थोडे उरलेत, त्यातला हा एक, असं कनूथ यांनीच लिहून ठेवलंय.)

या वेबमध्ये तुम्ही एकच फाइल लिहायची. तिच्यातून वीव्ह नावाचा प्रोग्रॅम, म्हणजे विणणारा, माणसाने वाचायचा सुबक लेख काढायचा. आणि टँगल नावाचा, म्हणजे गुंता करणारा, त्याच फाइलमधून यंत्राला लागणारा कोड काढायचा. गुंता का? कारण लेखात कोडचे तुकडे समजावून सांगण्याच्या क्रमाने येत, आणि यंत्राला ते वेगळ्याच क्रमाने लागत. ती उलटापालट टँगल करायचा. सांगायचा क्रम वेगळा आणि चालवायचा क्रम वेगळा, हे कनूथ यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि त्याची सोयही केली होती. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा. माझी फजिती झाली ती इथेच.

या काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या सदरासाठी कनूथ यांना एक काम दिलं. मजकुराची फाइल घ्या आणि तीत सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द किती वेळा आले त्यासकट छापा. कनूथ यांनी आपल्या पद्धतीने अनेक पानांचा, अतिशय देखणा, खास या कामासाठी घडवलेल्या डेटा स्ट्रक्चरसकट प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण करायला बोलावले डग मॅकिलरॉय, युनिक्समधल्या पाइपची कल्पना ज्यांची ते. त्यांनी कारागिरीचं कौतुक केलं आणि मग तेच काम युनिक्सच्या सहा कमांड एकापुढे एक जोडून करून दाखवलं. प्रोग्रॅमर लोक यावर आजही भांडतात. मला मात्र त्यातला एक फरक जाणवतो. कनूथ यांची पानं बसून वाचायची होती. मॅकिलरॉय यांच्या सहा कमांड कोणीही आपल्या यंत्रावर, आपल्या फाइलवर, त्याच संध्याकाळी चालवून बघू शकत होता. वाचून पटणं आणि चालवून पटणं, दोन्ही हवं असतं आणि दोन्ही एकत्र क्वचितच मिळतं.

एकत्र आणायचा पहिला मोठा प्रयत्न १९८८ चा. स्टीफन वुल्फ्रम यांचं मॅथेमॅटिका त्या वर्षी जूनमध्ये बाजारात आलं, आणि मॅकिंटॉशवर त्याच्यासोबत थिओडोर ग्रे यांनी बनवलेलं नोटबुक होतं. मजकूर, सूत्र, आलेख सगळं एका दस्तऐवजात, आणि मागे गणित करणारा कर्नल वेगळा. आजच्या नोटबुकांचा सांगाडा तोच आहे. पण मॅथेमॅटिका महाग. आमच्या कॉलेजात आम्ही ते फक्त पुस्तकात पाहिलं. (लॅबमधल्या बाकीच्या सॉफ्टवेअरची प्रत कुठली होती, ते कृपया विचारू नका. :-))

२००१ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या बोल्डर इथे फर्नांडो पेरेझ नावाचा मूळ कोलंबियाचा विद्यार्थी भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. प्रबंध लिहायचा सोडून त्याने पायथॉनसाठी एक बरा शेल लिहायला घेतला. पहिली आवृत्ती २५९ ओळींची. नाव आयपायथॉन. प्रबंध टाळण्यातून जन्मलेल्या सॉफ्टवेअरची यादी केली तर ती मोठी होईल. त्याला खुणावत होती मॅथेमॅटिकासारखी वही, पण फुकट आणि ब्राउझरमध्ये. ब्राउझरमधली वही विल्यम स्टाइन यांच्या सेज प्रकल्पाने आधीच करून दाखवली होती. पेरेझ, ब्रायन ग्रेंजर आणि मंडळींना मात्र काही अपयशी प्रयत्न करावे लागले, आणि डिसेंबर २०११ मध्ये आयपायथॉन नोटबुक आलं. २०१४ मध्ये त्याचंच ज्युपिटर झालं.

याचा खरा वाढदिवस मी विचाराल तर ११ फेब्रुवारी २०१६ मानतो. त्या दिवशी लायगोच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. लहर टिपली होती १४ सप्टेंबर २०१५ ला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याचे पडसाद, एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढे. शोधनिबंध आलाच, पण त्यासोबत त्यांनी डेटा आणि एक नोटबुक सगळ्यांसाठी खुलं केलं. डेटा उघडा, गोंगाट कमी करा, नको त्या वारंवारता गाळा, आलेख काढा. शेवटच्या सेलमध्ये तो संकेत आपल्या कानाला नीट ऐकू येईल इतका वर चढवून ऐका. बारीकसा 'टुप्' असा आवाज येतो. मी कॉलेजात असताना हॉस्टेलच्या खोलीत हे नोटबुक चालवलं होतं, रात्री दीडला. नोबेल मिळवणारा शोध माझ्या गरम झालेल्या लॅपटॉपवर पुन्हा लागत होता.

गोंगाटातून असा संकेत ओळखण्याची जी पद्धत आहे, म्हणजे अपेक्षित लहरीचे नमुने आधी गणिताने तयार करून डेटावर ठेवून पाहायचे, तिचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम पुण्यातलं आहे. आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी लायगो उभं राहण्याच्याही आधी, १९९० च्या आसपास, ते केलं. विद्यापीठाच्या रस्त्याने रोज हिंजवडीला जाताना आता मी उगाचच त्या बाजूला बघतो.

इथपर्यंत वहीची गोष्ट झाली. आता गुंडाळीची.

स्क्रोल हा शब्द मुळात गुंडाळीचाच. पण संगणकावर स्क्रोल करणं ही फार दिवस एक कटकट होती. उजवीकडची ती बारीक पट्टी माउसने पकडून ओढायची. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसने चाक घरोघरी नेलं, २००७ मध्ये आयफोनने ते काम अंगठ्याला दिलं, आणि मग स्क्रोल करणं हे पान उलटण्याइतकं सहज झालं. ते सहज झालं म्हणून त्यावर गोष्ट रचता येऊ लागली.

डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने 'स्नो फॉल' प्रसिद्ध केलं. वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीक इथे त्या फेब्रुवारीत हिमलोट कोसळून तीन स्कीपटू मेले होते, त्याची जॉन ब्रँच यांनी लिहिलेली कहाणी. वाचक खाली सरकतो तसा डोंगर फिरतो, बर्फ हलतो, नकाशा उघडतो. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि जगातल्या प्रत्येक संपादकाला आपलं स्वतःचं 'स्नो फॉल' हवं झालं. त्यातली बरीच भयंकर होती. चाक फिरवावं तर पान आपल्याच मर्जीने सरकायचं. २०१४ मध्ये माइक बोस्टॉक यांनी यावर नीट नियमच लिहून काढले. डी-थ्री ही आलेखांची लायब्ररी करणाऱ्यांपैकी हे एक, आणि तेव्हा टाइम्समध्येच होते. वाचकाच्या हातातला वेग हिसकावू नका, आणि वर गेलं की गोष्ट मागे गेली पाहिजे, हा त्याचा मथितार्थ.

डेटाच्या गोष्टीत याचा सगळ्यात सुंदर नमुना मला २०१५ चा वाटतो. स्टेफनी यी आणि टोनी चू यांची मशीन लर्निंगची सचित्र ओळख. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमधली घरं ओळखायची आहेत. पहिली खूण उंची, कारण सॅन फ्रान्सिस्को टेकड्यांवर वसलंय. तुम्ही खाली सरकता आणि घरांचे ठिपके एका झाडाच्या फांद्यांतून घरंगळत आपापल्या डब्यात पडतात. डिसिजन ट्री म्हणजे काय हे मला सेमिस्टरभर शिकवूनही कळलं नव्हतं, ते इथे पाच मिनिटांत कळलं. कॉलेजची चूक नाही, मी मागच्या बाकावर होतो.

पण या सगळ्यात एक गोष्ट हळूच हरवली. मार्च २०११ मध्येच ब्रेट व्हिक्टर यांनी 'एक्स्प्लोरेबल एक्स्प्लनेशन्स' नावाचा निबंध लिहिला होता. वाचक नुसता वाचत का बसेल, त्याला लेखकाचा आकडा बदलून बघता आला पाहिजे. त्यांचं छोटं उदाहरण होतं, इतकी बिस्किटं खाल्ली तर इतक्या कॅलरी. वाक्यातला बिस्किटांचा आकडा माउसने ओढायचा, कॅलरी बदलतात. हे करायला त्यांनी जी लायब्ररी दिली तिचं नाव होतं टँगल. होय, कनूथ यांच्या प्रोग्रॅमचंच नाव! हे मुद्दाम की योगायोगाने, कोण जाणे, पण मला गंमत वाटली.

मग २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी एका परिषदेत उघड सांगून टाकलं की आम्ही आता इंटरॅक्टिव्ह गोष्टी कमी करतोय. वाचकाला फक्त स्क्रोल करायचं असतं. त्याच्याकडून क्लिक करवून घ्यायचं असेल तर बदल्यात काहीतरी जबरदस्त घडलं पाहिजे. बटणं बहुतेक जण दाबतच नाहीत. पुढच्या वर्षी ग्रेगोर ऐश यांनी याला उत्तर दिलं. तेही टाइम्समध्ये काम केलेले. बहुतेक लोक बटण दाबत नाहीत म्हणून बटण ठेवूच नये असं होत नाही. खोलात शिरणारे थोडे असतात, पण असतात.

मीटिंगच्या आधी वाचलं असतं तर मी त्से यांच्या बाजूने टाळ्या वाजवल्या असत्या. मीटिंगनंतर अर्थातच ऐश. दहा जणांच्या खोलीत प्रश्न विचारणारी एकच व्यक्ती होती, आणि पैसे देणाऱ्यांत तिचंच मत चालत होतं.

आता माझ्या ११ आणि १८ कडे येतो. नोटबुकमध्ये सेल कुठल्याही क्रमाने चालवता येतात. आधी पाचवा, मग दुसरा, मग परत पाचवा. कर्नलच्या स्मरणात राहतं ते तुम्ही प्रत्यक्षात ज्या क्रमाने चालवलंत ते, आणि कागदावर दिसतं ते वरून खाली. शिवाय चालवलेला सेल नंतर पुसला तरी त्याचा परिणाम जात नाही. आमटीत मीठ घालून झाल्यावर पाककृतीतली मिठाची ओळ खोडली, तरी आमटी खारट राहायचीच. मी दोन महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकांच्या दुहेरी नोंदी काढून टाकणारा एक सेल चालवला होता, आणि नंतर वही 'स्वच्छ' करताना तो उडवला होता. पानावर गेलेला १८ हा दुहेरी नोंदी काढलेल्या डेटाचा होता. मीटिंगमध्ये आलेला ११ हा कच्च्या डेटाचा.

म्हणजे १८ च बरोबर होता. पण हे शोधायला मला दोन दिवस लागले, आणि त्या खोलीत ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. आकडा खरा, वही खोटी.

हा वेंधळेपणा माझा एकट्याचा नाही, एवढाच काय तो दिलासा. २०१८ मध्ये जोएल ग्रुस यांनी खुद्द ज्युपिटरच्या परिषदेत जाऊन 'मला नोटबुकं आवडत नाहीत' या नावाचं भाषण ठोकलं, त्यात हेच रडगाणं होतं. २०१९ मध्ये पिमेंटेल, मुर्ता, ब्रगनोलो आणि फ्रेरे या चार संशोधकांनी गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा करून, त्यातली जेवढी चालवता येण्यासारखी होती तेवढी पुन्हा चालवून पाहिली. साधारण २४ टक्के विनातक्रार चालली. आधी छापलेलीच उत्तरं पुन्हा आली ती फक्त ४ टक्क्यांमध्ये.

कनूथ यांनी सांगायचा क्रम आणि चालवायचा क्रम मुद्दाम वेगळे ठेवले होते आणि मधे टँगल बसवला होता. ज्युपिटरने दोन्ही एकाच उभ्या रांगेत कोंबले, आणि रांग पाळायची जबाबदारी आमच्यासारख्यांवर टाकली. बोस्टॉक यांना हे खटकत असावं, कारण २०१७ मध्ये त्यांनी वेगळ्याच धाटणीची वही जाहीर केली, ती ऑब्झर्व्हेबल या नावाने २०१८ मध्ये आली. तीत सेल स्प्रेडशीटसारखे असतात. एक बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलतात. पुसला तर अवलंबून असलेले लगेच बोंब मारतात. त्यामुळे कोड कुठेही लिहा, अगदी तळाशी, आणि गोष्ट वरून सांगा. चौतीस वर्षांनी टँगल परत आला म्हणा ना. पायथॉनवाल्यांसाठी अलीकडे मारिमो हेच करतं.

दोन्ही प्रवाह एकत्र यायला आणखी थोडी वर्षं गेली. वहीतून थेट सरकती गोष्ट बनवण्याची अवजारं आता तयार मिळतात. २०२२ मध्ये आलेलं क्वार्टो ज्युपिटरची फाइल घेऊन त्यातून लेख, पुस्तक, संकेतस्थळ काय हवं ते काढतं, म्हणजे कनूथ यांच्या वीव्हचा पणतू. २०२४ पासून त्याला क्लोजरीड नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्यात कुठला आलेख चिकटून राहायचा आणि कुठल्या परिच्छेदाला काय हलायचं हे वहीतच लिहिता येतं. आणि पायोडाइडमुळे पायथॉन वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालतो, मागे सर्व्हर लागत नाही. त्यामुळे गुंडाळीमध्ये जिवंत सेल ठेवणं आज अवघड राहिलेलं नाही. मी ते ठेवले नव्हते ते निव्वळ आळसाने, आणि खरं सांगायचं तर थोडं भीतीनेही. वाचकाला आकडा हलवू दिला की तो आपल्याला नको तिकडेही हलवणार.

तर त्या दोन दिवसांनंतर मी काय केलं? आधी वही वरून खाली खरी केली. पुसलेला सेल परत लिहिला. रीस्टार्ट करून सगळं चालवल्यावर १८ आला, तेव्हाच पुढे सरकलो. मग पान परत बांधलं, यावेळी क्वार्टोमधून, म्हणजे पानावरचा प्रत्येक आकडा वहीतून येणार, हाताने टंकलेला एकही नाही. महिने निवडायला एक पट्टी दिली. जून-जुलै काढले तर घसरण १८ वरून १५ वर येते, म्हणजे मॅडमचा संशय थोडाफार खरा होता. आणि तिसऱ्या परिच्छेदात, जिथे आधी ठिपके झोकात उडत यायचे, तिथे एक कंटाळवाणी पायरी घातली. या डेटात काही गिऱ्हाइकांच्या नोंदी दोनदा होत्या, त्या आम्ही काढल्या, अशा काढल्या. शेजारी एक चेकबॉक्स, हे लागू करा किंवा करू नका. माझा लीड म्हणाला, "अरे, इथे फ्लो तुटतोय. हे खाली टीप म्हणून टाक ना." मी त्याला ९ जानेवारीची ढगाळ रात्र सांगितली. त्याने माझ्याकडे जसं बघायला हवं तसंच बघितलं, पण पायरी राहू दिली.

दुसऱ्या मीटिंगला मॅडमनी पान स्वतःच्या लॅपटॉपवर उघडलं. पहिले दोन परिच्छेद भराभर सरकवले, तिसऱ्यावर थांबल्या आणि चेकबॉक्समधली खूण काढली. आकडा ११ झाला. काही न बोलता खूण परत लावली आणि खाली स्क्रोल करायला लागल्या.